मापून दिलेली चोच

आज सकाळी विजापूर रोडला पंक्चरवाल्याकडे अडकलो. पुढच्या चाकात सराटा. शेजारी बसलेल्या मालकांनी मोबाईल पुढे केला : ‘गॅलापॅगोस बेटांवर देवाने प्रत्येक पक्ष्याला खाण्याच्या मापाने चोच दिली. डार्विन खोटा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

अहो, मापली ना! पण माणसांनी. त्याच गॅलापॅगोसमधलं डॅफ्ने मेजर नावाचं अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नसलेलं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं. १९७३ पासून ते तिथं जाळीत फिंच नावाचे बी खाणारे छोटे पक्षी पकडायचे, पायात रंगीत कडी घालायचे, कॅलिपरने चोचीची लांबी, रुंदी, जाडी घ्यायचे. १९७७ ला पाऊस पडला २४ मिलिमीटर. दुष्काळ म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. बारीक मऊ बी आधी संपलं. उरला काय? सराटा! आपल्या माळावरच्या सराट्याचाच भाऊबंद. तो फोडायला जाड चोच लागते. बारीक चोचीचे पटापट मेले. वाचलेल्यांची चोच सरासरी अर्धा मिलिमीटर जाड, आणि पुढच्या वर्षीची पिल्लंही जाड चोचीची. एकाही पक्ष्याची चोच जिवंतपणी वाढली नाही, हे नीट वाचा. इथंच सगळे घसरतात.

मग १९८३ ला एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे तिकडे पडतो तो, धो धो पाऊस. वेलींनी सराटा झाकून टाकला, बारीक बी मुबलक झालं. त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत लहान चोचीचे तगले. आता सांगा, देवाने दहा वर्षांत दोनदा माप बदललं?

‘पण फिंच फिंचच राहिला ना!’ राहिला, मान्य. दहा वर्षांत त्याचा मोर होईल, असं म्हणालं कोण?

आणि बेडूक? बेटांवर ओलावा आहे, किडे आहेत, तरी मूळचा एक बेडूक नाही. कातडीला आणि अंड्यांना खारं पाणी सोसत नाही, हजारेक किलोमीटर समुद्र ओलांडणार कसा? जागेच्या मापानेच ठेवायचे होते, तर बेडूक का विसरला?

जाऊ दे. मालक माणूस वाईट नव्हता, चहाही त्यांनीच पाजला. तेवढ्यात पंक्चरवाल्याने टायरच्या आतून बोट फिरवलं, मोडलेलं दुसरं टोक सापडलं. ते न काढता ट्यूब घातली असती तर घरी पोचेपर्यंत पुन्हा हवा गेली असती. तो तुकडा मी खिशात ठेवलाय. मालक परत भेटले की हातात देणार आणि म्हणणार, दातानं फोडून दाखवा.