15 किलोंत लातूर

कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, गुंडाळ्या करायच्या. जड वस्तू चाकांकडच्या बाजूला. मोजे बुटांच्या पोटात. एवढं पाळलं की बॅग निम्मी रिकामी राहते. येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या, करून लातूरहून दिल्लीला परत निघताना माझीही राहिली, आणि ते मायनं पाहिलं.

“काय करलालास रे? येवढी जागा मोकळीच?”

आधी येसराची, म्हणजे आमटीत घालायच्या मसाल्याच्या पिठाची, पिशवी आली. मागोमाग काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो तुरीची डाळ. डाळ दिल्लीतही मिळते, असं मी म्हणून पाहिलं.

“मिळत आसंल. शिजती का?”

यावर काय बोलणार? मी एक गुंडाळी आवळली की एक डबा आत शिरायचा. कडक भाकऱ्या मोडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती माझे शर्ट गेले, इस्त्रीचे होते.

ताणकाट्याला बॅग टांगली तर 19 किलो. रेल्वे बरी, स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो फुकट नेऊ देते. तिला आया ठाऊक आहेत. पण आम्हाला मुंबईहून पुढं विमान होतं, आणि तिथं 15 किलो, वर हातात 7. हातातल्या बॅगेत तिखट चालत नाही, लोणचंही अडवतात. म्हणजे चार किलो काढायचे, तेही मोठ्या बॅगेतूनच. काय काढायचं ते मायनं ठरवलं. स्वेटर अंगात घाल, बूट पायात घाल, पुस्तकं पुढच्या वेळी ने. डाळीला कुणी हात लावला नाही.

तेवढ्यात बायकोची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड आणि खोबऱ्याची भली थोरली वाटी. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. त्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोक्याच्या मालात धरतात. हे मी मायला नीट समजावून सांगितलं.

“आन् आमी वरीसभर डब्यात भरून ठिवताव ते? कवा घर पेटलं का?”

“माय, तसा नियम हाय.”

“मग त्यास्नी सांग, ओटीचं हाय म्हनावं.”

ओटीतलं काढून ठेवायची छाती आमच्या घरात कुणाला नाही. वाटी गाडीत चढली. कुर्डुवाडी यायच्या आत आम्ही दोघांनी ती गुळासोबत संपवली. वजन कमी झालं, असं बायको म्हणाली. बॅगेचं.