लो ब्रास म्हणजे नुसते लांब सूर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत मैदानावर आकृत्या करत चालणारी अमेरिकेतली तरुणांची पथकं. त्यांच्या आठवणींवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि आक्षेपही स्पष्ट नोंदवलेत, याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कॉन्ट्रा (खांद्यावर घेऊन वाजवायचा ट्यूबा), बॅरिटोन, युफोनियम ही लो ब्रास, म्हणजे खालच्या सुरांची पितळी वाद्यं, लांब सूर धरण्यापलीकडे काही करत नाहीत. यूट्यूबवर तुम्ही जे व्हिडिओ पाहिलेत त्यांत ती तुम्हाला ऐकूही आली नाहीत. आता तोच खालचा आवाज सिंथेसायझर काढतो, मग पोरांनी एवढं ओझं कशाला वाहायचं? मुळात हा प्रकार लष्करी कवायतीचा आणि गुणांच्या चढाओढीचा, वर फी अशी की सामान्य घरातल्या मुलाने नावच घेऊ नये. आणि अशा गोष्टीला मी रियाज म्हणावं, हे पंधरा वर्षं गाणं शिकलेल्या तुम्हाला खटकलं.

फीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. गुणांबद्दल अर्धं बरोबर आहे. बाकीचं मला मान्य नाही आणि का नाही ते सांगते.

तुम्ही गाणारे आहात, म्हणून तानपुऱ्यापासूनच सुरू करू. खर्जाची तार नीट लागली, जवारी जमली, की त्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो. कॉन्ट्रा सेक्शनचं कोरमधलं काम त्या तारेचं असतं. आमची सकाळ अशी असायची: मैदानाच्या कडेला अर्धवर्तुळात उभं राहायचं, वाद्य अजून पायाशी गवतात. आधी नुसता श्वास, आठ मात्रांत आत, आठ मात्रांत बाहेर. मग सूर गुणगुणायचा, मग मोकळ्या गळ्याने गायचा आणि त्यानंतरच वाद्य खांद्यावर घ्यायचं. कॉन्ट्रांनी सा धरला की शिक्षक डोळे मिटून रांगेपुढून सावकाश चालायचे. दोन वाद्यं एकमेकांपासून केसभर सरकलेली असली तरी आवाजात थरथर येते. ओठ किंचित सैल करावेत, थरथर मंद होते, आणखी मंद होते, आणि एका क्षणी थांबते. ती थांबल्याचं कानाआधी छातीला कळतं. मग बॅरिटोन आणि युफोनियम त्यावर पंचम ठेवणार, आणि शेवटी गंधार. हा गंधार पियानोवरचा घेतला तर खुपतो. तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली घ्यावा लागतो, तेव्हा खर्जातून आपोआप निघणाऱ्या गंधाराला तो जाऊन मिळतो. तुम्ही ज्याला स्वयंभू गंधार म्हणता, तोच हा. सगळी पोरं सतरा ते एकवीस वर्षांची, त्यांतल्या एकानेही आयुष्यात तानपुरा पाहिलेला नव्हता, पण रोज सकाळी ती तेच शोधत होती. मी रियाज म्हटलं ते याला, आणि पुढेही म्हणेन.

लांब सुराला तुम्ही सोपं समजता, तेही मला पटत नाही. खालच्या सुराला श्वास फार लागतो. मोठ्याने वाजवताना एका माणसाचा दम काही मात्रांतच संपतो, आणि जीवा (कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे सूर) तर चाळीस मात्रा अखंड राहायला हवी. मग श्वास वाटून घ्यायचे. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, आवर्तन बदलतं तिथे तर कोणीच घ्यायचा नाही, कारण तिथे घ्यावासा सगळ्यांनाच वाटतो. आणि परत येताना सुरात असं शिरायचं की आपण गेलो होतो हे कळताच कामा नये. ऐकणाऱ्याला सलग भिंतीसारखा सूर ऐकू येतो, आत प्रत्येकजण सतत दुसऱ्याचा अंदाज घेत असतो. एकट्याने चमकायची संधी यात नाही हे खरं, पण तुम्ही म्हणता तसं माणसाचं माणूसपण यात पुसलं जातं, हे मात्र अजिबात नाही. माझ्या डाव्या हाताला उभा राहणारा मुलगा श्वास घेण्याआधी खांदा किंचित उचलायचा. त्याचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, खांदा आठवतो.

आणि हे सगळं चालता चालता, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर. कॉन्ट्रा बारा ते पंधरा किलोंची, डाव्या खांद्यावर, कर्णा पुढे. म्हणजे डावीकडचं काहीच दिसत नाही. नेहमीचं पाऊल साडेबावीस इंची, पाच यार्डांत बरोबर आठ पावलं. पाय तिरके धावताहेत, कंबरेपासून वर अंग मात्र प्रेक्षकांकडे. रांग सरळ आहे की नाही हे वळून पाहायची सोय नाही, म्हणून प्रत्येक आकृतीतली आपली जागा, आमच्या भाषेत डॉट, वहीत लिहून गळ्यात अडकवलेली: ३५ यार्डांच्या रेषेच्या आत दोन पावलं, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या छोट्या खुणांच्या ओळीच्या) मागे सहा. सराव असाच. वाजवा, थांबा, डॉट तपासा, मागे जा, पुन्हा.

त्यात आवाजाचा वेग आडवा येतो. समजा दोन वादक ७० मीटरांवर आहेत. एकाचा सूर दुसऱ्यापर्यंत पोचायला जवळजवळ ०.२ सेकंद लागतात. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०.३३ सेकंदाची, म्हणजे नुसत्या कानावर विसंबणारा अर्ध्या मात्रेहून जास्त मागे पडणार. म्हणून नियम असा: सर्वांत मागे असलेल्यांनी ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्याच्या, हातांवर डोळे ठेवून वाजवायचं आणि पुढच्यांनी मागून येणाऱ्या आवाजात आपला सूर मिसळायचा, म्हणजे दोन्ही आवाज प्रेक्षकांकडे एकदमच पोचतात. कॉन्ट्रा बहुधा मागेच असतात. त्यामुळे सुरांचा पाया आमचा आणि पुष्कळदा लयीची जबाबदारीही आमची. मी हे मूळ लेखात लिहायला हवं तेवढं लिहिलं नव्हतं, तुमच्यामुळे लिहिता आलं.

व्हिडिओचं म्हणाल तर त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. कॉन्ट्राचा खालचा सूर ५० हर्ट्झच्या आसपास जातो. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. तुम्ही खर्जाची तार काढून टाकलेला तानपुरा ऐकलात.

आता सिंथेसायझर. ड्रम कोर इंटरनॅशनल या पथकांच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांत २००४ मध्ये ध्वनिवर्धकांना परवानगी मिळाली, २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. मी वाजवत होते तेव्हा यातलं काही नव्हतं. आमच्याकडे ‘जी’ या सुरात जुळवलेली बिगुलं होती, कारण ‘बी फ्लॅट’ सुरातली वाद्यं २००० पासूनची. मला नव्याचा राग नाही. चांगले संयोजक सिंथ अगदी जपून वापरतात आणि तो सुंदर लागतो. पण खालचा आवाज कमी पडला म्हणून स्पीकरमधून गुरगुराट सोडायचा, याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो तांत्रिक कारणासाठी आहे. पितळी वाद्य दुपारच्या उन्हात तापलं की सूर चढतो, रात्री मैदानावर गार वारा सुटला की उतरतो. माणसं ऐकून एकत्र सरकतात, सिंथ जागचा हलत नाही. शिवाय त्याचा स्पीकर मैदानाच्या पुढच्या कडेला, म्हणजे आवाज भलत्याच बाजूने येतो. पाया एकीकडे आणि इमारत दुसरीकडे, असं होतं. जोर वाढतो, जीवा गढूळ होते.

लष्करी मुळाबद्दल वाद नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांनीच ही पथकं वाढवली, बिगूल, पोशाख, सलामी सगळं तिथलं. पण १९७१ मध्ये पथकांच्या संचालकांनी ड्रम कोर इंटरनॅशनल उभी केली ती नियम आणि संगीत आपल्या हातात यावं म्हणूनच. १९७२ मध्ये व्हाइटवॉटर, विस्कॉन्सिन इथे पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, अनाहाइम किंग्जमेन हे पथक जिंकलं. त्यानंतर मैदानावर जे घडत आलंय त्यात कवायत शिस्तीपुरती उरली.

गुण: २००८ च्या अजिंक्यपद स्पर्धेत फँटम रेजिमेंट हे पथक ब्लू डेव्हिल्स या पथकापेक्षा ०.०२५ गुणाने पुढे राहून जिंकलं. एवढ्याशा फरकातून कोणाचं संगीत अधिक खरं हे ठरत नाही, इथे तुमच्याशी सहमत. पण परीक्षक येणार म्हणून आम्ही नीट वाजवत होतो असं मात्र समजू नका. सकाळच्या त्या अर्धवर्तुळात परीक्षक नसायचा.

आणि फी. एका उन्हाळ्याचे हजारो डॉलर, शिवाय त्या सुट्टीत दुसरी कमाई नाही. एकेकाळी ही गल्लीतल्या, चर्चमधल्या, कारखान्यांच्या गावांतल्या कामगारांच्या मुलांची गोष्ट होती. ती मुलं आता याच्या बाहेरच राहतात याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत बॅरिटोन वाजवणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तुम्ही ओळखत असाल तर पथकांच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी नक्की करायला सांगा. लो ब्रासला चांगली मुलं हवीच असतात.

तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता असं लिहिलंत. ऑगस्टच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला मोठा शो असतो, गाडीने तुम्हाला फार लांब नाही. शोच्या तास-दीड तास आधी पथकं आसपासच्या मोकळ्या जागेत वॉर्म-अप करतात, तिथे कोणीही उभं राहून ऐकू शकतं. ट्रम्पेट्सच्या गर्दीत जाऊ नका. कॉन्ट्रांसमोर दहा-पंधरा पावलांवर उभे राहा आणि जीवा लागताना गंधार कुठून येतोय ते शोधा. तुमचा कान तयार आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सापडेल. त्यानंतरही आक्षेप उरला तर तो अवश्य लिहा, मला तो वाचायचा आहे.