सई ब्रेमेनला पोचत नाही

पश्याची कादंबरी आम्ही कट्ट्यावर वाचली, म्हणजे वाचावी लागली. मागच्या रविवारी त्याने १९० पानांची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत आणली आणि अण्णाच्या टपरीसमोरच्या कट्ट्यावर, नेमकी जिथे आम्ही ग्लास ठेवतो तिथेच ठेवली. मुखपृष्ठावर चहाचा पहिला गोल उमटायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठवडाभर ती प्रत सगळ्यांच्या घरी फिरली आणि या रविवारी, पाऊस भुरभुरत असताना, पंचनाम्याला पुन्हा कट्ट्यावर आली.

गोष्ट साधी आहे. सई कुलकर्णी, वय २८, मुक्काम कोथरूड. लुकास, वर्षभरासाठी पुण्यात आलेला जर्मन इंजिनिअर. ओळख, भांडण, सिंहगडावर पिठलं-भाकरी, पुन्हा भांडण. तो परत जातो. बाराव्या प्रकरणात सई राजीनामा टेबलावर आपटते, टॅक्सी करून मुंबई विमानतळ गाठते, आणि तेराव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत जर्मनीतल्या ब्रेमेनच्या चौकात बर्फ पडत असताना लुकासच्या मिठीत असते.

सुज्या आमचा वकील. ग्लास खाली ठेवायच्या आधीच त्याने तोंड उघडलं.

"बारा आणि तेराच्या मध्ये किती महिने गेले?"

"महिने कसले? एक रात्र," पश्या म्हणाला.

"आणि व्हिसा?"

"अरे, हलकीफुलकी प्रेमकथा आहे ती. दूतावासाची नियमावली नाही."

"पर्यटक म्हणून गेली असेल तर ९० दिवसांनी परत. तुझी कादंबरी त्यानंतर ७० पानं चालते. म्हणजे बेकायदा चालते."

मेघा हसली. मेघा जर्मनचे क्लास घेते. तिच्या प्रत्येक ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, बॅचमध्ये पंधरा जण मास्टर्सला निघालेले असतात आणि एक-दोन जणी नुकतं लग्न झालेल्या. त्या एक-दोन जणी पहिल्या बाकावर बसतात, कारण बाकीच्यांना मार्क हवे असतात आणि यांना नवरा. नवरा जर्मन असेल, तर तिकडे राहायला जाणाऱ्या बायकोला निघायच्या आधी थोडं जर्मन येतं हे साधारणपणे सिद्ध करावं लागतं. २००७ पासून आहे हे, मेघा म्हणाली.

"म्हणजे किती येतं?" मी विचारलं.

"ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. १०० पैकी ६० मिळाले की पास. तोंडी परीक्षेत एक कागद देतात. त्यावर सात शब्द असतात. नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. त्यावरून स्वतःबद्दल बोलायचं. छंद म्हटलं की सगळ्या स्वयंपाक म्हणतात, कारण शब्द सोपा आहे. मग परीक्षक आडनावाचं स्पेलिंग विचारतात. सईला म्हणावं लागेल, का, ऊ, एल, का, आ, एर, एन, ई."

"कुलकर्णी?" अण्णाने गाळणी झटकत विचारलं.

"कुलकर्णी."

"आणि हिंजवडीतला आपलाच मुलगा असेल तर?" नंदूकाकांनी विचारलं. नंदूकाका बँकेतून निवृत्त झालेत. नियम म्हटला की त्यातला अपवाद हुडकायची त्यांची सवय काही सुटलेली नाही.

"तो ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, गेला असेल तर त्याच्या बायकोला ही अट नाही."

दोन सेकंद कुणी बोललं नाही.

"थांब," काका म्हणाले. "नवरा पुण्याचा असेल, घरात मराठीच बोलणार असतील, तर जर्मन नको. आणि नवरा जर्मन असेल, जो तिला चोवीस तास फुकट शिकवू शकतो, तर परीक्षा?"

"तसंच काहीसं. शिकलेल्या मुलींना कधीकधी सूट मिळते, पण ती मागा, पटवून द्या, वाट बघा. माझ्याकडच्या बहुतेक जणी परीक्षा देऊन मोकळ्या होतात."

"पश्या, मूर्खा," काका म्हणाले, "विनोद इथे आहे, आणि तू बर्फ पाडत बसलायस."

"आणि बर्फही तिथे क्वचितच," मेघा म्हणाली. "समुद्राच्या अंगाचं गाव आहे ते. बहुतेक वेळा हेच." तिने ताडपत्रीवरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बोट केलं.

पश्याला हे सहन होईना. त्याने ठेवणीतला बाण काढला. "प्रद्युम्न कुमार महानंदिया! ओडिशाचा माणूस. दिल्लीत कॅनॉट प्लेसला बसून लोकांची चित्रं काढायचा. १९७५ मध्ये एक स्वीडिश मुलगी चित्र काढून घ्यायला आली. १९७७ मध्ये हा जुनी सायकल घेऊन निघाला, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान करत स्वीडनला! कसला ए-वन आणि कसलं काय."

"हो, आणि पोचायला चार महिने लागले," सुज्या म्हणाला. "तेच सांगतोय मी. तू त्या चार महिन्यांची एक ओळ केलीस. त्या माणसाची गोष्ट लोक आजही सांगतात ती शेवटच्या मिठीमुळे नाही, मधल्या सायकलमुळे सांगतात. सईची सायकल कुठाय?"

हा मुद्दा बिनतोड होता. पश्यासुद्धा गप्प झाला, आणि पश्या गप्प होणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. मग सुज्याने वकिली सुरू केली. सईने लुकासशी आधी लग्न केलं असं धरू. इथे विशेष विवाह कायद्याखाली केलं तर ३० दिवसांची नोटीस. तिकडे करायचं तर हिचं आधी लग्न झालेलं नाही हे कागदावर दाखवा. यालाच कंटाळून युरोपातली कितीतरी मिश्र जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. तिथे अॅरो नावाचं एक बेट आहे, बाहेरून आलेल्यांच्या लग्नांसाठीच प्रसिद्ध. मग कागदपत्रांची पडताळणी. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचे कागद एका शिक्क्यावर मान्य करण्याच्या, करारात गेला खरा, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली. त्यामुळे नुसता शिक्का मारून भागत नाही, प्रत्यक्ष चौकशी करायला माणूस पाठवू शकतात. जन्म कुठला, शाळा कुठली, शेजारी कोण.

"शेजारी?" अण्णाचे कान टवकारले. "म्हणजे इथं येऊन विचारणार?"

"येऊ शकतात."

"मग मी आधी तिची उधारी सांगणार."

आम्ही सगळ्यांनी पश्याकडे बघितलं. तो पेन शोधत होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. माझी तक्रार मात्र वेगळी होती आणि ती मी घरूनच पेन्सिलने लिहून आणली होती. पहिल्या बारा प्रकरणांत सई प्रत्येक भांडण जिभेच्या जोरावर जिंकते. रिक्षावाला, बॉस, आई, लुकास, कुणाला सोडत नाही. लुकास तिच्या प्रेमात पडतो तोच मुळी तिने पार्किंगवरून एका काकांची केलेली बिनपाण्याची ऐकून. आणि तेराव्या प्रकरणापासून? मी मोजलं. पुढच्या ४० पानांत सई सात वाक्यं बोलते. त्यातली तीन "किती सुंदर!" अशी आहेत.

"ती भारावलीये," पश्या म्हणाला.

"भारावलेली नाही. तिला बोलता येत नाहीये. आणि तुला ते कळलेलंच नाही."

मेघा गप्प बसून ग्लास फिरवत होती. मग म्हणाली, "मी सहा आठवडे गेले होते ना तिकडे, प्रशिक्षणाला. तेव्हा माझं बी-टू, म्हणजे ए-वनपासून चौथी पातळी, झालेलं. व्याकरण चोख. पण जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं की मला उत्तर सुचायचं, मग क्रियापद शेवटी नेऊन ठेवेपर्यंत विषय बदललेला असायचा. मी नुसती हसायचे. सहा आठवडे मी फार गोड मुलगी होते. सगळे म्हणायचे, मेघा किती शांत आहे, किती गोड आहे. मला इथे कुणी कधी गोड म्हटलंय?"

"नाही," आम्ही एका सुरात म्हणालो.

"तेच."

मला वाटतं, प्रेमासाठी देश सोडण्याच्या हलक्याफुलक्या गोष्टीत हीच खरी जोखीम असते आणि बहुतेक लेखक ती विमानतळावरच विसरून येतात. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण ज्या तिखट जिभेवर माणूस भाळला, ती जीभच कस्टममध्ये अडकली तर तो आता कुणावर प्रेम करतोय? आणि हे विनोदीच आहे, रडकं नाही. लुकासला आता त्या गोड मुलीचा कंटाळा येऊ लागलाय आणि तो पुण्यातल्या भांडणांसाठी झुरतोय, हे प्रकरण मला वाचायला आवडेल.

"पण जायचं सईनेच का?" नंदूकाकांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. "गेल ऑम्व्हेट घ्या. मिनियापोलिसची बाई. बर्कलीला डॉक्टरेट केली, महात्मा फुल्यांच्या चळवळीवर. १९७६ मध्ये भरत पाटणकरांशी लग्न केलं आणि राहिली कुठे? कासेगावला, सांगली जिल्ह्यात. १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. गेल्या तेव्हा कासेगावच्याच होत्या."

"काका, त्या प्रेमासाठी नव्हत्या आल्या. फुल्यांसाठी आल्या होत्या," मेघा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी! आधी इथलं काहीतरी त्यांचं झालं होतं, मग माणूस भेटला. सईचं ब्रेमेनमध्ये लुकासशिवाय आहे काय? भांडण झालं की जाईल कुठे?"

पश्या म्हणाला, ब्रेमेनचे आणि पुण्याचे जुने संबंध आहेत, म्हणून तर ते शहर निवडलं. काका म्हणाले, महापालिकांच्या संबंधांवर रुसून बसता येत नाही.

मग मेघाने तिच्या मावसबहिणीचं सांगितलं. जर्मनीत घरांना आपल्यासारखे फ्लॅट नंबर नसतात. खाली दाराशी घंट्यांची रांग, प्रत्येक बटणाशेजारी आडनावाची चिठ्ठी. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. ही तिकडे गेली, नवऱ्याचं आडनाव घेतलं नव्हतं, आणि चिठ्ठीवर एकट्या नवऱ्याचं नाव. बँकेचं कार्ड परत गेलं. दुसऱ्यांदा पाठवलं, परत गेलं. दोन महिने ती त्या घरात जेवत होती, झोपत होती, दुकानात रिकाम्या बाटल्या परत करून अनामतीचे पंचवीस-पंचवीस सेंट गोळा करत होती, पण पोस्टाच्या लेखी तिथे राहतच नव्हती. शेवटी नवऱ्याने वहीचा कागद फाडला, दोन्ही आडनावं लिहिली आणि वरून सेलोटेप लावली. कागद तिरका लागला. तिने खाली उभं राहून फोटो काढला आणि आईला पाठवला. लग्नाच्या अल्बममधला एकही फोटो तिने कधी आम्हाला आपणहून दाखवला नाही, हा मात्र सगळ्यांना दाखवला.

पश्याने हे लिहून घेतलं. मी बघितलं, मिठीवर काट मारली होती.

"पण एक राहिलंच," सुज्या म्हणाला. "सई परीक्षा देणार. लुकासला काय?"

"त्याला कशाला परीक्षा?"

"सासरवाडीला येणार ना? मराठीची ए-वन झालीच पाहिजे."

पुढचा अर्धा तास तोंडी परीक्षेच्या चिठ्ठ्या तयार करण्यात गेला. मेघा म्हणाली, खऱ्या परीक्षेत चित्राचं कार्ड उचलून विनंती करावी लागते, तशीच ठेवूया. चिठ्ठी एक, रिक्षाचं चित्र: मीटरने यायला सांगा. चिठ्ठी दोन, भेळ: तिखट कमी, पण अगदीच गोड नको. चिठ्ठी तीन, कुलूप लावलेलं दुकान: दुपारी दीड वाजता मालकाला विनंती करा. (ही काकांनी बाद केली. पीएच.डी.ची पातळी आहे म्हणाले.) चिठ्ठी चार, ताट: सासूबाईंना तिसरी पोळी नको म्हणून सांगा.

"नको," अण्णा लुकास झाला.

"नापास," मेघा म्हणाली. "नको म्हणजे वाढा."

"पोट भरलं."

"म्हणजे अर्धी वाढा."

"ताटावर हात ठेवला तर?"

"हात बाजूला करून वाढतात. पश्या, ४० पानं या पोळीवर लिही."

उठता उठता मेघाने शेवटची चूक दाखवली. ब्रेमेनच्या चौकात एक पुतळा आहे. गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले वादक. गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागायची पद्धत आहे. पश्याच्या कादंबरीत सई डोळे मिटून एक पाय एका हाताने धरते.

"दोन्ही पाय, दोन्ही हातांनी," मेघा म्हणाली. "एका हाताने धरलं तर तिथले लोक म्हणतात, बघा, एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हस्तांदोलन करतंय."

"आणि ते चौघं ब्रेमेनला पोचतच नाहीत," काका छत्री उघडत म्हणाले. "वाटेत चोरांचं घर लागतं, चोरांना हाकलतात आणि तिथेच मुक्काम टाकतात. बरं चाललंय म्हटल्यावर पुढे जातो कोण?"

पश्याने वही मिटली, पुन्हा उघडली आणि अण्णाला विचारलं, आपल्यात गाढव कोण. अण्णाने नुसता हिशोबाचा कागद पुढे केला. आठ चहा, दोन क्रीम रोल, पश्याच्या खात्यावर.

रात्री पावणेएकला ग्रुपवर पश्याचा मेसेज आला. नवं बारावं प्रकरण, पहिली ओळ: "लुकासने चिठ्ठी उलटली आणि त्याच्या कपाळावर घाम आला, कारण चित्रात पोळी होती."

खाली पहाटे साडेपाचला नंदूकाकांचं उत्तर: "तूप राहिलं."