कार्ब्युरेटरखाली एक इंच, ॲव्हरेज चार किलोमीटर?

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जुनी मारुती ८०० हौसेने सांभाळणाऱ्यांमध्ये एक दावा सारखा फिरत असतो. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि मॅनिफोल्ड (ते मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी) यांच्या मध्ये इंचभर जाडीचा स्पेसर, म्हणजे अंतर वाढवणारी चकती, घाला. कार्ब्युरेटर थंड राहतो, हवा-पेट्रोल छान मिसळतं, ताकद दहा-पंधरा टक्के वाढते आणि लिटरमागे तीन-चार किलोमीटर जास्त मिळतात. अमेरिकेत रेसिंगवाले काय उगाच लावतात का, असा शेवटी दमही भरलेला असतो. यातली एक गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे आणि तिच्याच जिवावर बाकीच्या खपतात.

आधी आकडे घेऊ. १४ देणारी गाडी १८ द्यायला लागली, म्हणजे १०० किलोमीटरला ७.१ लिटरऐवजी ५.६ लिटर लागले. जवळपास २२ टक्के पेट्रोल वाचलं. हे ‘नीट मिसळल्यामुळे’ वाचलं असेल, तर कालपर्यंत तेवढं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडत होतं असं मानावं लागेल. तशी गाडी काळा धूर ओकते, प्लग काजळीने माखतात, मागच्या स्कूटरवाल्याचे डोळे चुरचुरतात. ट्युनिंग बरं असलेल्या गरम इंजिनात ९५ टक्क्यांच्या आसपास पेट्रोल जळतंच. ऊर्जा वाया जाते ती उष्णतेच्या रूपात, रेडिएटरमधून आणि एक्झॉस्टमधून. त्या वाटेवर स्पेसर कुठेच येत नाही.

दुसरं म्हणजे, मिश्रण किती दाट आणि किती पातळ याचा निकाल वर कार्ब्युरेटरमध्येच लागतो: व्हेंचुरी (हवेची अरुंद वाट), मेन जेट (पेट्रोलचं मोजकं भोक), एअर ब्लीड (त्यात हवा सोडणारं भोक). स्पेसर बसतो या सगळ्याच्या पलीकडे, थ्रॉटलच्याही, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्याही, पुढे. तिथे पोचेपर्यंत पेट्रोल मोजून झालेलं असतं.

‘थंड हवा म्हणजे जास्त ताकद’ हे वाक्य स्वतंत्रपणे बरोबर आहे. सिलिंडरकडे जाणारी हवा १० अंशांनी थंड झाली तर ती साधारण ३ टक्के घट्ट होते. पण स्पेसर थंड ठेवतो कार्ब्युरेटरला. पुढचं मॅनिफोल्ड तापलेलंच असतं आणि हवा त्यातूनच जाते, त्यामुळे ते पूर्ण १० अंश हाती लागत नाहीत. लागले असं धरलं तरी ३ टक्के कुठे आणि १५ कुठे! शिवाय जास्त हवा आली की कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त सोडतो. म्हणजे ताकद वाढली तर खर्चही वाढला. साध्या चालीत, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, हवा घट्ट झाली तर तेवढ्याच वेगासाठी थ्रॉटल किंचित जास्त मिटावा लागतो, आणि मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढायला इंजिनाला जास्त कष्ट पडतात. एकाच थंड हवेतून ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही काढायचं, ही कसरत दावा लिहिणाऱ्यालाच जमते.

मिसळण्याबद्दल तर कंपन्यांनी उलटाच विचार केला होता. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. एक्झॉस्टची ऊब इनलेटला मिळते आणि ती हवीच असते, कारण पेट्रोलचे थेंब थंड भिंतीला चिकटून ओघळतात, वाफ होऊन हवेत मिसळत नाहीत. स्पेसर घातल्याने मिश्रणाचा रस्ता इंचभर लांबतो, एवढंच. त्या इंचाने थेंबांची वाफ होत नाही.

अमेरिकेचं उदाहरण खरं आहे, फक्त आपल्या कामाचं नाही. तिथे स्पेसर लागतात ते मोठ्या व्ही-८ इंजिनांवर, चार तोंडांच्या कार्ब्युरेटरखाली. मॅनिफोल्डची पोकळी वाढवून पूर्ण थ्रॉटलवर, वरच्या आरपीएमला थोडी जास्त ताकद मिळते का, हे डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लावून बघतात. चार भोकांचा की मधून मोकळा, अर्धा इंच की दोन, हे मॅनिफोल्डप्रमाणे बदलतं. कधी काही हॉर्सपॉवर मिळतात, कधी जातात, म्हणूनच तर लावून बघावं लागतं. तिथे ॲव्हरेज कोणी मोजत नाही. १०८९ सीसीची पद्मिनी टॉप गिअरमध्ये पन्नासने चालवणाऱ्याला त्या आकड्यांचं काय करायचं आहे?

आतून पिळाचे आटे पाडलेले स्पेसरही विकतात. हवा घुमत जाते म्हणे. पुढे मॅनिफोल्डचं वळण आणि व्हॉल्व्हची अरुंद फट ओलांडताना ते घुमणं टिकत नाही. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात घाट चढून आलात, इंजिन बंद करून चहा घेतलात आणि पुन्हा सेल्फ मारला तर गाडी उचलत नाही. इंजिन बंद होताच पंखा थांबतो, वारा थांबतो आणि मॅनिफोल्डची उष्णता फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, शिरते. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांनाच उकळू लागतो. ते उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याने सुरू होत नाही. (अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप करू नका, पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा.) इथे बेकेलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर नक्की उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमचा मात्र नाही, कारण तो बेकेलाइटच्या शेकडो पट वेगाने उष्णता वर चढवतो. दिसतो मात्र चकचकीत. आणि चालत्या गाडीला पेट्रोल मिळेनासं होतं ते दुखणं वेगळं, इंजिनाला जोडलेल्या एसी पंपाचं, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं. त्याच्यावर ड्रायव्हर लोक ओलं फडकं गुंडाळायचे. तिथे स्पेसर पोचत नाही.

हल्लीच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने गाडी मरगळली म्हणूनही स्पेसर सुचवतात. साध्या पेट्रोलला हवा लागते १४.७ पट, ई-२० ला साधारण १३.५ पट. जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, ते दुरुस्त करायला जेट बदलावा लागतो.

मग लोकांना फरक जाणवतो तो कसा? स्पेसर बसवायला कार्ब्युरेटर उतरवावा लागतो. उतरवला की मेकॅनिक जेट फुंकतो, फ्लोट बघतो, नवी पॅकिंग टाकतो, आयडलिंग लावतो, जमलं तर एअर फिल्टर झटकतो. वर्षानुवर्षं एअर घेणारा, म्हणजे फटीतून बाहेरची हवा ओढणारा, सांधा त्या दिवशी पहिल्यांदा बंद होतो. पैसे मेकॅनिकला आणि श्रेय स्पेसरला.

उलट घोटाळेही होतात. स्टड आखूड पडतात, ॲक्सिलरेटरची दांडी ताणली जाते, एअर क्लीनर बॉनेटला लागतो, आणि एकाच्या जागी दोन सांधे आल्यामुळे एअर घ्यायला दोन जागा होतात.

गरम गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर बाजारातला स्पेसर घेण्याआधी कंपनीने दिलेला बघा. कार्ब्युरेटरखाली तपकिरी बेकेलाइटची जाड चकती बहुतेक वेळा मुळातच असते. कोणीतरी कधी काढून नुसती पॅकिंग टाकलेली असते, नाहीतर ती तडकलेली असते. नट आवळून आवळून कार्ब्युरेटरची बैठक वाकली असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासून घ्या आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

आणि ज्यांना प्रयोग करायचाच आहे त्यांनी ट्युनिंग आधी करून घ्यावं. मग एकाच पंपावर टाकी तोंडोतोंड भरून, त्याच रस्त्यावर, स्पेसरशिवाय, स्पेसरसह आणि पुन्हा काढून असं तिन्ही वेळा मोजावं. तिसरा आकडा कोणीच कळवत नाही.