बाहुल्यांना हसू नका, निदान सांगलीत तरी

भाचा सुट्टीला आलाय पुण्याहून. काल रात्री हौसेनं त्याला 'क्रिटर्स अटॅक!' हा सिनेमा लावून दिला, अंतराळातून आलेल्या खादाड प्राण्यांच्या जुन्या 'क्रिटर्स'चा २०१९ चा रिबूट, म्हणजे नवा अवतार. दहा मिनिटांत म्हणतो, "मामा, ह्या तर बाहुल्या आहेत. सीजीआयला पैसे नव्हते का?" सीजीआय म्हणजे संगणकावर बनवलेली चित्रं. आणि मोबाइल घेऊन बसला. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहितोय.

अरे, बाहुल्याच आहेत त्या! १९८६ च्या मूळ 'क्रिटर्स'मध्ये किओडो बंधूंनी बनवलेल्या बाहुल्याच होत्या. लाल डोळे, तोंडभर दात, अंगावर काटे, चेंडूसारखं गरगरत यायचं आणि दिसेल ते खायचं. आणि हसायचं कुठं बसून, तर सांगलीत? १८४३ साली इथंच 'सीता स्वयंवर' नाटक उभं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांनी पुढं पुन्हा नाचवल्या. हातानं हलवलेल्या वस्तूत जीव दिसतो, हे आपल्याला परक्यानं शिकवायला नको.

माझ्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं. गणपतीत मळ्यातल्या घरी तासगावहून भाड्यानं व्हीसीआर आणला होता, तीन कॅसेटी. तिसरी 'क्रिटर्स'. तोवर सगळे झोपले, उरलो आजी आणि मी. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता तिला. पण त्या प्राण्यांनी काटे मारले तशी म्हणाली, "आरं, ही तर साळिंदरं!" रानात गाय अर्धी खाल्लेली सापडली, तेव्हा गप्प झाली. मग त्या घरातली लाईट गेली, तळघरात फ्यूज बघायला गेलेल्या बापावर ते तुटून पडले, आणि आजी उठली. मागच्या दाराला कडी घातली. कंदील घेऊन गोठ्यात जाऊन आली. मगच पुढचं बघितलं.

सिनेमातलं अमेरिकेतल्या कॅन्सासमधलं शेत काय आणि आमचा मळा काय, तिला एकच. रिबूटमध्ये मला हेच सापडेना. मुलं सांभाळणारी पोरगी आहे, एक पांढरी मायाळू मादी क्रिटरही आहे. मूळ सिनेमात आई झालेली नटी, डी वॉलेस, ३३ वर्षांनी परत आणलीय, पण शिकारीण करून. तिचं घर कुठाय? तिचा गोठा कुठाय? उठून कडी घालावी असं मला एकदाही वाटलं नाही. राग मला याचा यायला हवा होता, आणि मी काढला पोरावर.

मूळ सिनेमाही काही थोर नाही, मान्य. तिसऱ्या भागाची (१९९१) आठवण तर लोक फक्त लिओनार्दो डिकॅप्रिओचा पहिला सिनेमा म्हणून काढतात. आणि भाच्याचंही खरंय थोडं. पंधरा वर्षांचा आहे, फ्लॅटमध्ये वाढला. रात्री गोठ्यात काही खुडबुडलं की पोटात कसा गोळा येतो, ते त्याला कुठून कळणार? आज त्याला १९८६ चा दाखवणार आहे. मळ्यातच नेऊन दाखवीन म्हणतो.

शेवटी त्या सिनेमात घर स्फोटात उडतं. मग पोरगा अंतराळातल्या शिकाऱ्यांनी दिलेल्या यंत्राचं बटण दाबतो आणि घर होतं तसं उभं राहतं, पार खिडक्यांसकट. मी टाळ्या वाजवल्या होत्या. आजीनं टीव्हीकडं बघत एवढंच विचारलं, "आन् गाय?"