प्रार्थनेचा विषय

गेल्या आठवड्यात आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एका बहिणीने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "बोलू नये, पण प्रार्थनेसाठी म्हणून सांगते." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे मी स्वतः ते अनेकदा उच्चारले आहे. त्यानंतर जे सांगितले जाते त्याचा प्रार्थनेशी संबंध थोडा आणि दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींशी फार असतो. "आमेन" होते, चहाचे कप फिरतात आणि बोलणे पुन्हा त्याच घराकडे वळते. चहाडी करताना आपण ख्रिस्ती माणसे प्रार्थनेचा आडोसा घेतो, हे मला आता सहन होत नाही, म्हणून आज हे लिहीत आहे.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी 1852 साली मिशनचे काम सुरू केले. इतक्या पिढ्या लोटल्या, तरी आमचा समाज लहानच राहिला आहे. उपासनेत शेजारच्या बाकावर बसणारी बाई नणंदेची जाऊ निघते, तिचे आणि आपले वडील एकाच वसतिगृहात वाढलेले असतात, आणि तिच्या मुलीला आलेले स्थळ आधी आपल्या भाचीकडे येऊन गेलेले असते. अशा जवळिकीत अडीअडचणीला मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसे, धावून येते, हे मी दोन मृत्यूंच्या वेळी अनुभवले आहे. मात्र शाहूपुरीत सकाळी बोललेला शब्द दुपारपर्यंत कसबा बावड्यात पोहोचतो आणि पोहोचेपर्यंत दुप्पट होतो, तोही याच जवळिकीमुळे.

चार वर्षांपूर्वी असाच एक शब्द माझ्या तोंडून गेला. जिच्याबरोबर मी वीस वर्षे एकाच पुस्तकातून गीते गायली, त्या मैत्रिणीच्या मुलीला परदेशात परिचारिकेची नोकरी मिळाली होती. माझी मुलगी त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षेत नापास झाली होती. मंडळीत त्या नोकरीबद्दल उपकारस्तुती झाली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, पण पोटात काहीतरी आवळले गेले, आणि त्याला मत्सर हे नाव द्यायला माझे मन तयार नव्हते. पुढे ती मुलगी अचानक घरी आली आणि दीड महिना राहिली, जावई बरोबर नव्हता. महिलांच्या सभेत मी म्हटले, "तिच्या मुलीच्या संसारासाठी प्रार्थना करू या, काही ठीक दिसत नाही." मला काहीही ठाऊक नव्हते. आईच्या पोटात गाठ निघाली होती आणि तपासण्या चालू असल्याने मुलगी रजा टाकून आली होती. निदान होईपर्यंत आईला ते कोणाला सांगायचे नव्हते. तीन आठवड्यांनी भाजी मंडईत कोणीतरी तिला तोंडावर विचारले, "मुलगी कायमची आली का?" त्या रविवारपासून ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागली आणि आशीर्वाद होण्याआधीच उठून जाऊ लागली.

त्या दिवसांत मी बायबलमधील गणना या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचला. पूर्वी अनेकदा वाचलेला होता, पण या वेळी तो मला थेट लागला. मिर्याम आणि अहरोन ही बहीणभावंडे आपला भाऊ मोशे, इस्राएल लोकांचा पुढारी, याच्याविरुद्ध बोलू लागली, आणि बोलण्याचे निमित्त होती त्याची कूशी, म्हणजे कूश देशातली, बायको. पुढच्याच वचनात खरे कारण बाहेर पडते: परमेश्वर काय फक्त मोशेच्याच द्वारे बोलतो, आमच्या द्वारे बोलत नाही काय? बायकोचा विषय वरवरचा होता, सलत होता तो भावाला मिळालेला मान. मीही संसाराची काळजी दाखवली, आणि मला सलत होती ती नोकरी. मिर्यामला कोड फुटले आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवण्यात आले. तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, असे तिथे लिहिले आहे. एका घरातल्या हेव्यासाठी सगळे इस्राएल सात दिवस खोळंबले. आमच्या मंडळीत तरुणांचे काम, संडे स्कूल, नाताळची तयारी अशा कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षे अशाच खोळंबून राहतात आणि आपण दोष पाळकांना देतो.

त्याच अध्यायात मोशे आपल्याविरुद्ध बोललेल्या बहिणीसाठी प्रार्थना करतो. मूळ हिब्रूत ती अवघ्या पाच शब्दांची आहे: देवा, तिला बरे कर. तिने काय केले, कोणाजवळ बोलली, आधीपासून ती कशी होती, यातले काहीही त्यात नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेला तपशील लागत नाही, कारण देवाला तो माहीत असतो. तपशील ऐकणाऱ्यांना हवा असतो.

माझ्या आजोळी करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होते. काहिलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे टाकायला एक माणूस सतत बसलेला असे, कारण चिपाड भडकते लवकर आणि संपतेही लवकर. तो पाणी प्यायला उठला तरी रसाची उकळी बसायची. सरपण नसले की आग विझते आणि चहाडखोर नसला की भांडण मिटते, हे नीतिसूत्रांतील वचन वाचताना मला तोच माणूस दिसतो. चहाडी आपोआप जळत नाही, तिला दर थोड्या वेळाने कोणीतरी चिपाड घालावे लागते, आणि "हो का? मग पुढे?" एवढे म्हणणारी व्यक्तीही तेच करत असते.

याला किरकोळ दोष समजणाऱ्यांना मी एकच सांगेन. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल हेवा, खून आणि चहाडी एकाच यादीत ठेवतो. नव्या करारात सैतानासाठी 'दियाबोलोस' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थच निंदा करणारा, खोटे आरोप करणारा असा आहे, आणि हाच शब्द तीमथ्याच्या पत्रांत माणसांविषयीही वापरला आहे. पहिल्या पत्रात तो स्त्रियांना उद्देशून आला आहे हे आमचे बंधू आवर्जून सांगतात. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सरसकट सर्वांसाठी आला आहे, हेही त्यांनी वाचावे. उपासनेनंतर आवारात मोटारसायकलींना टेकून जी "मंडळीच्या कारभाराची चर्चा" चालते, ती काही वेगळी नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणी बायकोवर हात उचलत असेल, लेकराशी गैरवर्तन करत असेल, मंडळीच्या पैशांत अफरातफर करत असेल, तर ते सांगणे ही चहाडी नव्हे. जो काही करू शकतो त्याला, गरज पडल्यास पोलिसांना, ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. "चहाड्या करू नका" असे म्हणून अशा पीडितांची तोंडे बंद करणे हे चहाडीहून मोठे पाप आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात अपराध करणाऱ्याकडे जा, मग एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. आपण नेमका उलटा प्रवास करतो.

मला तिच्याकडे जायला सात महिने लागले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर मेथी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले: मत्सर होता, माहिती नव्हती, तरी बोलले. तिने मान वर केली नाही. एकेक पान खुडून ती परातीत टाकत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं. तुला एकटीलाच सांगणार होते." एवढे बोलून तिने जुडीतली अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली. मी खाली बसले आणि निवडू लागले. गाठ साधी निघाली, हे तिने मला त्याच दिवशी सांगितले.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचा प्राचीन काळातील बिशप ऑगस्तीन याने आपल्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी कोरून घेतल्या होत्या, असे त्याचा चरित्रकार पोसिदियुस सांगतो. त्यांचा आशय असा की गैरहजर माणसाचे लचके तोडणाऱ्याला या मेजावर जागा नाही. आमच्या घरी तसे काही कोरलेले नाही, पण जेवताना कोणाचा विषय निघाला की माझी मुलगी आता विचारते, "आई, ते इथे असते तर हे बोललो असतो का?" कधीकधी मला तिचा राग येतो, आणि तरीही मी गप्प बसते.

मत्सर गेला आहे असे मी म्हणणार नाही. मैत्रिणीच्या मुलीने तिकडे घर घेतल्याचे मागच्या महिन्यात कळले आणि पोटात तेच आवळले गेले. योहान या दुसऱ्या शिष्याविषयी "प्रभू, ह्याचे काय?" असे विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला प्रभूने "तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये" असे उत्तर दिले, ते मी त्या रात्री दोनदा मोठ्याने वाचले. मग त्या मुलीचे नाव घेऊन, तिच्या नव्या घरासाठी, कोणताही तपशील न घालता प्रार्थना केली, आणि सकाळी तिच्या आईला फोन लावला.