दाजी, बेकहॅमबाई एका रात्रीत डिझायनर झाली नाही

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर आमच्या दाजींनी एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या भाचीचं नाव लिहून "वाच जरा". पोरगी आठवीपासून गाणं शिकतीय, आत्ता बारावी झाली. फॉरवर्डमध्ये काय, तर स्पाईस गर्ल्स या इंग्लंडातल्या पाच पोरींच्या गाण्याच्या ग्रुपमधली व्हिक्टोरिया बेकहॅम गाण्यात साफ फ्लॉप, एक गाणं चाललं नाही, मग एका रात्रीत गाणं सोडलं, काही न शिकता फॅशन डिझायनर झाली आणि पहिल्याच वर्षी करोडपती, म्हणून गाण्याच्या नादी लागू नका. आधी तेवीस ग्रुपात फिरून आलेला असणार, पण घरात शिरला म्हटल्यावर मला गप्प बसवेना. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बावीस वर्षं ब्लाऊज शिवते, गाण्यातलं कमी कळतं, शिवणातलं कळतं.

फ्लॉपचं आधी उरकते. १९९६ ला त्यांचं पहिलंच गाणं इंग्लंडात सात आठवडे एक नंबरला होतं, आणि त्या पाच पोरींची मिळून नऊ गाणी तिथं एक नंबरला गेली. आता खरं तेही सांगते, नाइलाजानं. एकटीनं गायला लागल्यावर बाकी चौघींना एक नंबर मिळाला, हिला नाही मिळाला. २००० सालचं दुसऱ्या ग्रुपबरोबरचं गाणं दोन नंबरला अडकलं. पण दुसरा नंबर म्हणजे नापास हे फक्त दाजींच्याच घरात चालतं, पोरीला विचारा.

एका रात्रीत सोडलं हे तर काहीच्या काही. तिचं शेवटचं गाणं २००३ च्या शेवटाला आलं, स्वतःच्या नावाचे ड्रेस सप्टेंबर २००८ ला, मधी जीन्स केल्या, गॉगल केले. म्हणजे रात्र पावणेपाच वर्षांची. आणि सोडलं म्हणता तर २००७-०८ ला पाचजणी परत टूरवर होत्या, २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला टॅक्सीच्या टपावर उभ्या राहून गायल्या, ते काय होतं?

आता माझं डोकं जिथं फिरलं ते. "काही न शिकता". तिच्याकडं फॅशनची डिग्री नाही, बरोबर आहे. पण पहिल्या वेळी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिनं काय दाखवलं, फक्त दहा ड्रेस. दहा! आणि त्यांची खासियत म्हणजे आतून कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी कडक आतली चोळी, बसवलेला, अंगाला घट्ट पण बाहेरनं शिवण दिसू नये असा. ज्यानं कधी साधं अस्तर लावलंय त्याला विचारा हे काय असतं, आतलं कापड जरा खेचलं तरी वरचं चुण्या धरतं. ते कापायला-शिवायला तिच्याकडं हाताची पक्की माणसं पगारावर होती, बाई काय रात्री बसून मशीन मारत नव्हत्या. मी स्वतः वर्षभर पेपरवर कटोरी कापत होते, तरी पहिल्या गिऱ्हाइकाच्या इरकलीच्या पीसला मुंढा अर्धा इंच जास्त कापला, मग काखेत जोड देऊन भागवलं, ती बाई अजून काढते. आणि त्या फॉरवर्डच्या तळाला बघितलं का कुणी? कुठल्यातरी क्लासचा नंबर, "३ महिन्यांत डिझायनर, ॲडमिशन चालू". म्हणजे सगळी गोष्ट या एका ओळीसाठी रचलेली. तीन महिन्यांत माझ्याकडं येणाऱ्या पोरींना हूक आणि काजं नीट जमत नाहीत हो.

करोडपतीचं म्हणाल तर तिकडं कंपनीला हिशेब सरकारदरबारी दाखल करावा लागतो, कुणालाही बघता येतो, पेपरात पण आलेलं. धंदा सुरू करून दहा वर्षं झाल्यावर, २०१८ च्या हिशेबात, विक्री साडेतीन कोटी पौंडाच्या आसपास आणि तोटा १ कोटी २३ लाख पौंड. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरच्या गुंतवणूकदारानं ३ कोटी पौंड घातलेले. शिवाय नवरा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम, त्याचाही पैसा धंद्यात. ड्रेस चांगले नव्हते असं नाही, २०११ ला तिकडचा मोठा फॅशनचा पुरस्कार मिळालाय, पण एवढा तोटा सोसणारं घर होतं म्हणून दुकान उघडं राहिलं. आपल्याकडं दोन महिने गाळ्याचं भाडं थकलं की मालक कुलूप घेऊन दारात.

आणि हे सगळं कोल्हापुरात बसून फॉरवर्ड करायचं, जिथं शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं. जाऊ दे.

भाचीला शिवण शिकायचं असेल तर माझ्या दुकानात ये म्हटलंय, फुकट. काल आली होती, काजं करत बसली आणि तोंडानं पलटे चालू, दोन गिऱ्हाइकं उगीच थांबून ऐकत होती. दाजींनी माझ्या मेसेजवर नुसता अंगठा टाकलाय. गाण्याची फी सोमवारी भरायची आहे, दाजी, तेवढं सांगा.